दोन सेंटिमीटरने लहान

मागच्या जानेवारीत मी एक मासा चोरला. ‘चोरला’ हा शब्द तुम्हाला जड वाटेल. मलाही तेव्हा वाटला असता. म्हणून आधी काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आम्ही राहतो ते पोरिरुआ वेलिंग्टनच्या उत्तरेला, गाडीने वीसेक मिनिटांवर. इथल्या खाडीचं माओरी नाव ते आवारुआ-ओ-पोरिरुआ. तिला दोन फाटे आहेत, पाउआटाहानुई आणि ओनेपोटो. दोन्हींचं पाणी पारेमाटाच्या पुलाखालच्या अरुंद तोंडातून समुद्रात जा-ये करतं, त्यामुळे तिथे पाण्याला चांगलीच ओढ असते. भरतीबरोबर मासे आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग काठावर आमच्यासारखे गरवणारे येतात. इथे चिप्सबरोबर जो ‘लेमनफिश’ मिळतो, तो म्हणजे आपल्या मुशीचाच भाऊबंद. त्याची पिल्लं याच खाडीच्या उथळ पाण्यात वाढतात. समुद्रात गरवायला न्यूझीलंडमध्ये परवाना लागत नाही, पण नियम मात्र पाळावे लागतात.

त्या रात्री साडेअकरा वाजले होते. जानेवारी म्हणजे इथला उन्हाळा, खरा अंधार व्हायलाच दहा वाजतात. माझ्या गरीला स्नॅपर लागला. ओढून वर घेतला आणि बादलीच्या झाकणावर चिकटवलेल्या पट्टीवर ठेवला. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत पंचवीस सेंटिमीटर. आमच्या भागात स्नॅपर किमान २७ सेंटिमीटरचा हवा. म्हणजे सोडायचा. पण त्याने गरी पार घशात गिळली होती आणि कल्ल्यांतून रक्त येत होतं. नवरा मोबाइलचा उजेड धरून म्हणाला, “हा काही जगत नाही. घे बादलीत.”

इथला नियम या बाबतीत स्पष्ट आहे. मापाहून लहान मासा ताबडतोब पाण्यात परत टाकायचा, जिवंत असो की मेलेला. तो मला माहीत होता. पण मी मालवणची. माशाचं डोकंसुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेली. जीव घेतलाच आहे तर त्याचं नीट अन्न करावं, टाकलं तर पाप दुप्पट, असं ती म्हणायची. मी इकडेतिकडे पाहिलं. तीसेक पावलांवर एक म्हातारे माओरी गृहस्थ पाठमोरे बसले होते. बाकी कोणी नव्हतं. मासा मी बादलीत टाकला. दुसऱ्या दिवशी कोकम आणि तिरफळ घालून त्याचं तिकलं केलं. चांगलं झालं होतं, हेही सांगायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? मासा मरणारच होता. समुद्रात टाकला असता तर खेकड्यांनी खाल्ला असता, मी खाल्ला तर एका घराचं जेवण झालं. कोणाचं काही गेलं नाही. मीही आठवडाभर स्वतःला हेच सांगत होते. तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी इकडेतिकडे पाहिलं होतं. माझं कारण मला इतकं पटलं होतं, तर मग आजूबाजूला पाहायची गरज का वाटली?

व्हिसावर राहणाऱ्या माणसाला याचं एक सोपं उत्तर सापडतं, भीती. परक्या देशात दंड झाला तर पुढच्या अर्जात तो लिहावा लागेल, वगैरे. पण भीती आणि चूक या वेगळ्या गोष्टी आहेत. पकडलं जाण्याची शक्यता शून्य असती तरी हा प्रश्न उरलाच असता.

म्हणून मी नियमाकडेच जरा नीट पाहिलं. ‘मेलेला असला तरी परत टाका’ हे ऐकायला मूर्खपणाचं वाटतं. पण समजा, नियमात सवलत दिली की मेलेला लहान मासा ठेवता येईल. मग मेला की नाही हे कोण ठरवणार? रात्री साडेअकराला, मोबाइलच्या उजेडात, ज्याला तो मासा हवा आहे तोच. मी त्या रात्री दहा सेकंदांत निकाल दिला, आणि तेव्हाही माशाचे कल्ले हलत होते. खोल गिळलेली गरी न उपटता तंगूस तिथल्या तिथे कापून सोडलं तर काही मासे जगतात. मी ते करून पाहिलं नाही. ‘मेलाच आहे’ हे माझं निरीक्षण नव्हतं, ती माझी सोय होती.

दुसऱ्या देशांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. नॉर्वेने १९८७ मध्ये कॉड आणि हॅडक हे मासे समुद्रात फेकून द्यायला मच्छीमारांना बंदी केली. युरोपीय संघाने २०१३ च्या सुधारणेनंतर टप्प्याटप्प्याने तेच केलं. तिथे ठरावीक जातींचा लहान मासा जाळ्यात आला तर तो बंदरावर आणावाच लागतो, पण माणसांच्या खाण्यासाठी विकता येत नाही. म्हणजे इथे म्हणतात परत टाका, तिथे म्हणतात टाकू नका. वरवर पाहता दोन्ही नियम एकमेकांच्या उलट आहेत. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. लहान मासा पकडणाऱ्याला त्या माशापासून फायदा होता कामा नये. फायदा नाही म्हटल्यावर तो पुढच्या वेळी जाळं बदलेल, जागा बदलेल. हे लक्षात आल्यावर माझा गोंधळ बराच कमी झाला. तो नियम माझ्या हातातल्या माशासाठी नव्हताच. त्या माशाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नियम होता माझ्या पुढच्या गरीसाठी.

आपल्याकडेही हेच दिसतं. सातपाटीसारख्या बंदरांतले मच्छीमार पापलेटाची पिल्लं मारली जातात म्हणून वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटाला राज्य मासा जाहीर केलं, त्यामागे हीच काळजी होती. आता जाळ्यात अडकून मेलेलं पिल्लू परत टाकून पापलेट वाढत नाही, हे खरंच आहे. पण जाळ्याची आस केवढी ठेवायची हे होडी बंदरात असतानाच ठरतं. पिल्लाचा जीव तिथेच वाचतो किंवा जातो.

अमेरिकेत मिनेसोटात राहणारा माझा एक मित्र हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर रात्री वॉलाय धरायला जातो. या माशाच्या डोळ्यांत मांजरासारखा उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं आणि अंधार पडला की तो शिकारीला निघतो. मित्राला मी माझी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, खूप खोलातून वर ओढलेल्या वॉलायची हवेची पिशवी फुगते, मग त्याला परत सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही. म्हणून ज्या दिवशी मासे सोडायचे असतील त्या दिवशी तो खोल पाण्यावर बसतच नाही. म्हणजे सोडायचं की ठेवायचं, हे तो बर्फाला भोक पाडण्याआधी ठरवतो.

माझ्या पोटापाण्याच्या कामात हे मला रोज पाळावं लागतं, म्हणून जास्त लाज वाटली. मी आकडेवारीचं काम करते. औषधांच्या चाचण्यांत कोणते निकाल मोजायचे हे माहिती हातात येण्याआधी लिहून नोंदवावं लागतं. का, तर आकडे समोर आले की भल्या माणसालाही हवं तेच दिसायला लागतं. हातात रक्ताळलेला मासा असताना मी न्यायाधीश व्हायला लायक नव्हते. दुपारी घरी गरी बांधताना होते.

काही आठवड्यांनी त्या म्हाताऱ्या गृहस्थांशी ओळख झाली. आपण काका म्हणतो तसं इथे मोठ्या माणसाला मातुआ म्हणतात. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त माझी गरी हातात घेतली आणि म्हणाले, “ही फार लहान आहे. लहान तोंडालाच लागणार.” मग स्वतःच्या डब्यातून गोल वळणाची एक मोठी गरी काढून दिली. ही घशात न रुतता बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकते. त्या रात्री त्यांना पहिला मासा लागला तो चांगला मोठा काहावाई होता. तो त्यांनी पाण्यात सोडला. पहिला मासा समुद्राच्या देवाचा, टांगारोआचा, अशी माओरी रीत आहे. मला नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडलेला नारळ आठवला. तो नारळ वाया गेला असं माझी आजी कधी म्हणाली नाही.

मग आजीचं चुकलं होतं का? मला तसं वाटत नाही. जे ताटात आलं ते टाकू नये, हे आजही मला पटतं. पण तिचा नियम आपल्या झालेल्या अन्नाबद्दल होता. दोन सेंटिमीटरने लहान असलेला मासा अजून माझा झालेला नव्हता. तिच्या शब्दांचा आधार घेऊन मी तो माझा करून घेतला. त्या जिवाचा मान राखायचा होता, तर सुरुवात गरीपासून करायला हवी होती.

हे सगळं कळल्याने प्रश्न मिटला असं मात्र समजू नका. मोठ्या गरीला मासे कमी लागतात, बऱ्याचदा आम्ही रिकाम्या बादलीने परततो. आणि गेल्या महिन्यात पुन्हा तेच झालं. सव्वीस सेंटिमीटरचा स्नॅपर, गरी खोल, कल्ले लाल. मी तंगूस कापलं आणि त्याला पाण्यात सोडलं. तो आडवा होऊन पुलाच्या दिव्याखालून ओढीबरोबर वाहत गेला. नवरा काही बोलला नाही. मला वाईट वाटलं, आणि ते वाटायलाच हवं होतं. मग तिथून सामान उचललं आणि आम्ही जागा बदलली.