इंजिन गरजतं, बोट जागेवर
आजचं चिंतन गीता, अध्याय 6, श्लोक 35. चंचल मन आवरायला भगवंत दोनच उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य.

इथे मिशिगनमध्ये माझ्या मित्राची जुनी स्टर्नड्राइव्ह बोट आहे. इंजिन आत, पंखा बाहेर. परवा गिअर टाकला तर इंजिन नुसतंच गरजलं, बोट हलेचना. दोष कपलरचा. तो इंजिनाच्या फ्लायव्हीलला बसवलेला असतो आणि त्याच्या दात्यांत शाफ्टचे दाते अडकले की पंखा फिरतो. इथे ते दाते पार झिजले होते. कपलर बदलायला अख्खं इंजिन उचलून बाहेर काढावं लागलं.

मेकॅनिक म्हणाला, "नुसता नवा कपलर टाकून भागणार नाही. इंजिनाचे माउंट खचलेत. रेषा जुळली नाही, तर हाही झिजेल." मग त्याने अलाइनमेंटची सळई घातली आणि जोर न लावता ती आत सरकेपर्यंत पुढचे माउंट थोडे थोडे वर-खाली केले. आता दरवर्षी ड्राइव्ह काढून रेषा तपासायची, दात्यांना ग्रीस लावायचं.

मला माझाच जप आठवला. माळ पूर्ण झाली की लगेच फोनवर आईवर खेकसणं! दर वेळी नवा संकल्प, म्हणजे नवा कपलर. आतली रेषा मात्र वाकडीच. 'माझंच खरं' हा हट्ट सोडणं हे माझ्यापुरतं वैराग्य, आणि ते रोज तपासणं हा अभ्यास.

आज जप झाला की आईला फोन करा. पंखा फिरतोय का, ते तिथेच कळेल.

राम कृष्ण हरी.