षड्दंत पुन्हा का रंगवला?

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात उजव्या भिंतीवर षड्दंत हत्तीची जातककथा रंगवलेली आहे. हे चैत्यगृह तिथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक. चित्र साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले मानतात. आज ते काळवंडले आहे, ठिकठिकाणी खरवडले गेले आहे. वाघोरा नदीच्या त्याच कड्यात पुढे सतरावे लेणे आहे, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. तिथल्या भिंतीवरही षड्दंत आहे. दोन चित्रांत सुमारे पाचशे वर्षांचे अंतर, कथा मात्र तीच. शिवाय भारहूत आणि सांचीच्या शिल्पकारांनीही ती दगडात कोरलेली आहे.

आजच्या सिनेव्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर सतराव्या लेण्यातला षड्दंत हा रिमेक आहे, आणि तोही अनेकदा होऊन गेलेल्या कथेचा. म्हणूनच सिक्वेल आणि रिमेक यांच्याविरुद्ध नेहमी केली जाणारी तक्रार मला अपुरी वाटते. कथा जुनी आहे म्हणून कलाकृती उणी ठरत असेल, तर अजिंठ्याच्या बहुतेक भिंती उण्या ठरतील. तिथे रंगवलेल्या जातककथा चित्रकारांनी रचलेल्या नव्हत्या. त्या बघणाऱ्यालाही ठाऊक होत्या.

षड्दंताची कथा अशी. सहा सुळ्यांच्या गजराजाला दोन राण्या असतात. एकदा तो फुललेल्या सालवृक्षाला धडक देतो. एका राणीवर फुले पडतात, दुसरीवर वाळक्या काटक्या आणि मुंग्या. हा अपमान मनात धरून दुसरी राणी मरते, पुढच्या जन्मी काशीच्या राजाची राणी होते आणि सुळे आणायला शिकारी पाठवते. शिकारी भिक्षूचे चीवर पांघरून जातो. बाण लागलेला हत्ती ते चीवर पाहून त्याला जिवे मारत नाही. सुळे कापणे शिकाऱ्याला जमेना, तेव्हा हत्ती स्वतःच करवत धरतो. सुळे समोर आल्यावर राणी शोकाने प्राण सोडते.

दहाव्या लेण्यात ही कथा एका लांब आडव्या पट्ट्यात पुढे सरकते, भारहूत-सांचीच्या शिल्पपटांना जवळच्या रीतीने. सतराव्या लेण्याच्या काळापर्यंत अजिंठ्याच्या चित्रकारांनी ती शिस्त मोडली होती. त्यांच्या भिंतींवर अरण्य आणि राजवाडा एकमेकांत शिरतात, आधीचा आणि नंतरचा प्रसंग शेजारी शेजारी येतात, आणि कथेचा माग बघणाऱ्याने स्वतः काढायचा असतो. कथा ओळखीची असल्यामुळेच चित्रकाराला हे धाडस करता आले. पुढे काय होणार हे सांगण्याच्या ओझ्यातून तो मोकळा होता. ते कसे घडले, यावर त्याला सगळी शक्ती लावता आली.

आपल्या मातीत ही रीत मुरलेली आहे. कीर्तनकार उत्तररंगात जे आख्यान लावतो ते समोरच्या आजीला तोंडपाठ असते, तरी ती रात्रभर बसते. मराठी माणसाने सिनेमाची सुरुवातही अशाच आख्यानाने केली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. १९१७ मध्ये फाळक्यांनीच तो विषय पुन्हा केला. १९३२ मध्ये प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ काढला, तोही हरिश्चंद्राचाच. पण १९१३ मध्ये हरिश्चंद्र पडद्यावर पहिल्यांदा हलला, १९३२ मध्ये तो मराठीत पहिल्यांदा बोलला. पुढे २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ केला आणि हरिश्चंद्राऐवजी त्याला पडद्यावर आणणाऱ्या माणसाचीच गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी जुन्या कथेकडे परत जाण्याला एक नवे कारण होते.

१९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. त्याचे बीज हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’मध्ये (१९६६) आहे आणि त्या चित्रपटाचे मूळ एका बंगाली चित्रपटात. तरीही हा चित्रपट आज कोणाला उसना वाटत नाही. वसंत सबनीस यांच्यासारखा लोकनाट्यात मुरलेला लेखक, पुण्यातली भाड्याच्या जागेची अडचण, घरमालकीण आणि भाडेकरू यांचे नाते, बोलण्याची इथली लय, यांतून तो नव्याने जन्मला. उसन्या बीजाला आपल्या जमिनीत वाढवण्याचे कष्ट तिथे कोणीतरी घेतले होते.

आज हे कष्ट टाळले जात आहेत, हे माझे खरे दुःख आहे. निर्मात्यांच्या बैठकीत आता पहिला प्रश्न विचारला जातो तो नावाचा. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आणि ‘टाइमपास’ यांचे तीन तीन भाग झाले. ‘झपाटलेला’ वीस वर्षांनी, ‘नवरा माझा नवसाचा’ही वीस वर्षांनी दुसरा भाग घेऊन आला. यातल्या एकेका चित्रपटाचे गुणदोष निराळे आहेत, पण हिशेब सारखाच असतो. नाव माहीत असले की प्रसिद्धीचा खर्च वाचतो, ओपनिंगची थोडी खात्री मिळते, चित्रपटगृहवाला शो द्यायला तयार होतो, वाहिनी हक्क घेताना कमी खळखळ करते. नव्या लेखकाच्या नव्या गोष्टीला यांतला एकही दरवाजा आपोआप उघडत नाही.

या हिशेबात काय हरवते ते ‘सैराट’च्या प्रवासात दिसते. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. नायक-नायिका कोणालाही माहीत नव्हते, शेवट असा होता की कोणताही हिशेबी माणूस तो बदलायला सांगेल, आणि विषय होता जात. लोकांनी तो डोक्यावर घेतला. मग कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली असे त्याचे रिमेक झाले आणि २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’ आला. करमाळ्याच्या परिसरातली गोष्ट उदयपूरच्या तळ्याकाठी गेली, जात पुसट झाली, शेवट बदलला. म्हणजे यशाची सगळी बाहेरची चिन्हे उचलली गेली आणि ज्या धैर्यामुळे ते यश मिळाले तेच मागे राहिले. पुढे २०२५ मध्ये ‘धडक २’ आला. त्यात जातीचा प्रश्न समोर होता, पण तो ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या तमिळ चित्रपटाचा रिमेक होता. एका रिमेकच्या नावाने दुसऱ्या रिमेकला बाजारात आणावे लागते, इतकी अनोळखी नावाची धास्ती या व्यवसायाने घेतली आहे.

ही धास्ती समजून घ्यायला अजिंठ्यातलीच दुसरी एक गोष्ट उपयोगी पडते. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्याची कित्येक दशके या लेण्यांच्या अभ्यासाला दिली. त्यांच्या मांडणीनुसार हरिषेणाच्या काळात मंत्री वराहदेवासारखे आश्रयदाते मोठ्या योजनेने लेणी करवून घेत होते. हरिषेणाच्या मृत्यूनंतर तो आधार कोसळला, योजना अर्धवट राहिल्या, आणि त्या थोड्या अस्थिर वर्षांत मिळेल त्या मोकळ्या जागेत सुट्या बुद्धमूर्ती कोरल्या आणि रंगवल्या गेल्या. मूळ आराखड्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्यामागची श्रद्धा खरी होती, काही मूर्ती फार सुंदरही आहेत. पण कथा थांबली. वेळ थोडा आणि उद्याची खात्री नाही, अशा वेळी माणसे तीच सिद्ध आकृती पुन्हा पुन्हा करतात.

म्हणजे एकाच कड्यात पुनरावृत्तीची दोन रूपे आहेत. षड्दंत पुन्हा रंगवला गेला तो बळातून: आश्रय होता, कारागिरी होती, जुन्या कथेत नवे दिसण्याइतका वेळ होता. नंतरच्या आकृती पुन्हा पुन्हा आल्या त्या अस्थिरतेतून. आपला सिनेमा आज दुसऱ्या रूपाकडे झुकला आहे, आणि त्याचे मूळ कल्पनादारिद्र्यात शोधणे चुकीचे आहे. ‘श्वास’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’ देणाऱ्या भाषेत कल्पनांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो नव्या कल्पनेची जोखीम उचलणाऱ्या आश्रयाचा.

यावर एक उत्तर दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. रितेश देशमुख यांचा ‘वेड’ हा ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटाचा रिमेक. तो २०२२ च्या अखेरीस आला, आणि करोनानंतर ओस पडलेल्या चित्रपटगृहांकडे त्याने मराठी प्रेक्षक वळवला. असा पैसा आला नाही तर प्रयोगांनाही जागा उरणार नाही, असे व्यावसायिक म्हणतात. मला हे मान्य आहे. पण तो पैसा प्रयोगाकडे वळतो का, हे पाहिले पाहिजे. ज्या यशातून पुढच्या भागाखेरीज काहीच उगवत नाही, त्याने व्यवसाय जगतो आणि कला उपाशी राहते.

दुसरी सबब भाषेची. परभाषेतली चांगली गोष्ट आपल्या लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून रिमेक, असे म्हणतात. एके काळी हे कारण खरे होते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्याची चित्रे कॅनव्हासवर उतरवली, नंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच केले, कारण लंडनचा माणूस वाघोरेच्या दरीत येऊ शकत नव्हता. गिल यांच्या बहुतेक प्रती १८६६ च्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्स यांच्या अनेक प्रती १८८५ च्या आगीत. तरी त्या श्रमांना अर्थ होता. आज मूळ तमिळ वा मल्याळम चित्रपट मराठी घरात उपशीर्षकांसह दिसू शकतो. पोहोचवण्यासाठी प्रत काढण्याची गरज संपली आहे. आता रिमेक करणाऱ्याला मुळात नसलेले काहीतरी द्यावेच लागेल.

म्हणून प्रत्येक सिक्वेलला आणि रिमेकला एकच प्रश्न विचारावा: ही गोष्ट आज, इथे, पुन्हा सांगण्याचे कारण काय? उत्तरात नावाखेरीज काही असेल तर तो चित्रपट जरूर व्हावा. सतराव्या लेण्यातच सिंहल व्यापाऱ्याची कथा मोठ्या भिंतीभर पसरली आहे. जहाज फुटते, राक्षसिणींच्या बेटावर व्यापारी अडकतात, पांढरा घोडा सिंहलाला सोडवतो, आणि मागोमाग त्याची पत्नी म्हणवणारी राक्षसीण थेट राजवाड्यात पोहोचते. जुन्यातूनच घ्यायचे असेल तर घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आश्रयाची व्यवस्थाही बदलायला हवी. राज्य शासन तयार झालेल्या मराठी चित्रपटाला दर्जा ठरवून अनुदान देते. त्यातला काही भाग संहितेच्या टप्प्यावर, थेट लेखकाच्या हाती गेला पाहिजे, कारण नवी गोष्ट मरते ती बहुधा तिथेच. छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळच्या नावाने आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. अशा महोत्सवांनी चित्रपट दाखवण्याबरोबर मराठवाड्यातल्या नव्या लेखकाला वर्षभर लिहिता येईल एवढा आधार द्यावा.

उरतो आपण, प्रेक्षक. वराहदेवाच्या काळी आश्रयदाता मंत्री होता, आज तो तिकीट काढणारा माणूस आहे, आणि निर्मात्याची धास्ती आपल्याच सवयींतून तयार झाली आहे. ओळखीच्या नावाला आपण पहिल्या दिवशी जातो आणि अनोळखी चित्रपट मोबाइलवर येण्याची वाट बघतो. तोपर्यंत त्याचे शो उतरलेले असतात आणि पुढच्या नव्या लेखकाला नकार द्यायला एक आकडा तयार झालेला असतो. ज्या मराठी चित्रपटाचे नाव, नट आणि दिग्दर्शक यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नाही, त्याचे तिकीट पहिल्याच आठवड्यात काढणे हा आजचा दानधर्म समजला पाहिजे. तेवढे केल्यावरच नव्या गोष्टी का येत नाहीत असे विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.