कामाचे तेच शोभेचे

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या भागातल्या जुन्या कवेलूच्या घरांकडे नीट पाहिले, तर केवळ शोभेसाठी म्हणून केलेले तिथे फार थोडे सापडते. भिंतीच्या पायथ्याशी हातभर उंचीचा गेरूचा पट्टा असतो. पावसाचे शिंतोडे आणि झाडूचे डाग नेमके तिथेच पडतात, आणि गेरूवर ते उठून दिसत नाहीत. वरची भिंत चुन्याने पांढरी केलेली असते. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की भिंत लख्ख दिसते आणि खोलीत उजेड वाढतो; चुन्यामुळे बुरशीही लवकर धरत नाही. मातीच्या जाड भिंतीतच कोनाडे सोडलेले असतात. एकात दिवा, एकात देव, एकात आजीची पानाची चंची. सपरीतली बंगई, म्हणजे झोपाळा, दुपारी बसायला असते आणि पाहुणे आले की मुलांना निजवायला. ही सगळी त्या घराची सजावट आहे, आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट काही ना काही काम करते.

कमी खर्चात घर कसे सजवावे, या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. आपल्याकडे घराची शोभा कामाच्या पोटी जन्माला आली. ते काम सुटले तेव्हा शोभा विकत आणायची वस्तू झाली आणि महाग झाली.

आता घरे बदलली आहेत, आणि ती बदलायलाच हवी होती. कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावे लागतात, माती खचते, वाळवी लागते. पक्के घर हे अनेक कुटुंबांचे पिढ्यांचे स्वप्न आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घरकुलासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचे अनुदान ठरले आणि घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. एवढ्या जागेत चार-पाच माणसे, त्यांचे कपडे, धान्याच्या कोठ्या, मुलांचा अभ्यास आणि आल्यागेल्याचे बसणे. इथे शोभेच्या वस्तूला जागाच नाही, म्हणून जे शोभेल त्याने काहीतरी काम केलेच पाहिजे.

शिवाय हा कापसाचा मुलूख आहे. सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो, आणि भाव पडलेला असेल तर तो महिनोन्महिने घरातच राहतो. 2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलमागे 10 हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. पुढच्या वर्षी तशाच भावाच्या आशेने विदर्भातल्या असंख्य शेतकऱ्यांनी माल घरी साठवला. खोल्या छतापर्यंत भरल्या आणि माणसे उरलेल्या कोपऱ्यात राहिली, अंगाला सुटणारी खाज सोसत. इथल्या घराची रचना सुचवणाऱ्याने ही खोली आधी डोळ्यांपुढे आणावी. ज्या घराला वर्षातले काही महिने कोठारही व्हावे लागते, तिथे जमिनीवर मांडायच्या सामानापेक्षा भिंतीत मावणारी आणि भिंतीला टांगता येणारी सोय अधिक मोलाची आहे.

म्हणून सजावटीचा पहिला विचार बांधकाम चालू असतानाच व्हायला हवा. भिंत नऊ इंची असेल तर तिच्यात साडेचार इंच खोल कोनाडा सहज सोडता येतो. त्याला विटा कमीच लागतात, मिस्त्रीला मात्र आधी सांगावे लागते. दाराशेजारी एक, देवासाठी एक, मुलांच्या पुस्तकांसाठी एक. आतून गेरूचा हात दिला की पांढऱ्या भिंतीवर ते तीन चौकोन कोणत्याही तसबिरीइतके देखणे दिसतात. प्लास्टर होण्याआधी लाकडी खुंट्यांची एक ओळ बसवली, तर दोरीवर लोंबणारे कपडे आणि दप्तरे जागेवर जातात. अर्धी शोभा तर आवरलेल्या पसाऱ्यातच असते.

दुसरा विचार उन्हाचा. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो आणि स्लॅब रात्रीपर्यंत धग सोडत राहतो. गच्चीला उन्हाळ्याच्या तोंडावर पांढरा चुना दिला, तर ऊन परतवले जाते आणि खालची खोली कमी तापते. अहमदाबादने 2017 पासून गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम याच तत्त्वावर राबवला. खिडकीत कुलर बसला की घराचा उजेड अडतो. तेव्हा समोरची भिंत पांढरी ठेवावी आणि उरलेल्या खिडकीला जुन्या सुती लुगड्याचा पातळ पडदा लावावा. काठ खाली आला की वेगळी झालर लागत नाही.

माणसाला निव्वळ सुंदर असे काहीच नको असते, असे मात्र मी म्हणणार नाही. गरिबाच्या भिंतीलाही चित्र हवे असते. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यातल्या लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या भिंतींवर आल्या. पुढे दिनदर्शिकांवरची चित्रे वर्ष संपल्यावरही कापून, चौकटीत घालून जपली गेली. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, महालक्ष्म्यांच्या दिवसांत घरातल्याच साड्यांची आरास उभी राहते. ही भूक खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. आठवडी बाजारातून प्लास्टिकची फुले आणणाऱ्या बाईला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की तिच्या आवाक्यात याहून सुंदर गोष्टी आहेत, आणि त्या तिच्या स्वतःच्या आहेत.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात याचा दाखला उभा आहे. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. तिथल्या कुट्या जवळपास मिळणाऱ्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंनी उभ्या राहिल्या. बापूकुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेनने मातीतच चरखा आणि ताडाची झाडे उठावात घडवली. भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचे. आपल्या जिल्ह्यात अशी साधने काय कमी आहेत? बुरडाच्या हातची टोपली भिंतीला लावा, त्यात कांदे-लसूण ठेवा. तांड्यावरच्या बंजारा बायांचे आरसे-कवड्यांचे भरतकाम बघा. तशा कामाचा एक तुकडा दारावर तोरण म्हणून पुरतो. घरातल्या जुन्या लुगड्यांची वाकळ दिवसा पलंगावर पसरली की वेगळी चादर नको. मुलांच्या उंचीला भिंतीचा एक पट्टा काळा रंगवला, तर पाटी मिळते आणि बाकीची भिंत वाचते.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. जुन्या घराची शोभा पैशांत स्वस्त होती, कष्टांत नव्हती. सडा, सारवण, पोतारा, दिवाळीआधीचा चुना यांतले बहुतेक काम बायांनी केले, आणि तेही शेतातली मजुरी आटोपून. त्या घरांचे कौतुक करताना त्या पाठी आणि ते हात कुणी मोजले नाहीत. मातीच्या जमिनीच्या जागी फरशी आल्याने एखाद्या बाईचा आठवड्यातला सारवणाचा दिवस वाचत असेल, तर ती फरशी मला सर्वांत सुंदर वाटते. म्हणूनच स्वस्त सजावटीची माझी कसोटी दुहेरी आहे: ती घरावर कर्ज चढवणारी नसावी आणि एकाच माणसाच्या अंगावर पडणारीही नसावी. चुन्याचा कुंचला बापाच्या आणि मुलाच्या हाती गेला पाहिजे. गेरूचा पट्टा ओढायला मुलीला बोलावतो, तसे मुलालाही बोलवावे. ज्याने भिंत रंगवली तो तिच्यावर हात पुसत नाही. सर्वांनी मिळून सजवलेले घर सर्वजण जपतात, हा या पद्धतीचा मोठा नफा आहे.

ग्रामगीतेत तुकडोजी महाराजांनी ग्रामनिर्माणकलेला स्वतंत्र अध्याय दिला. गाव घडवणे ही कला असेल तर घर घडवणे तिची सुरुवात आहे, आणि कला शिकवावी लागते. आज घरकुलाचा हप्ता कधी येणार याची चौकशी होते, वाळू-सिमेंटचा हिशेब होतो. कोनाडा कुठे, खुंटी कुठे, उजेड कुठून, मूल अभ्यासाला कुठे बसणार, हे कोणी विचारत नाही. ग्रामपंचायतीने, शाळेने, बचत गटाने हे प्रश्न विचारायला लावले पाहिजेत. नवे घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पाया आखण्याआधी एक संध्याकाळ एकत्र बसावे आणि घरातल्या प्रत्येकाला, म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत, या घरात तुला काय हवे, असे विचारावे. त्या उत्तरांना भिंतीत जागा मिळाली, की घर सजायला फार पैसे लागणार नाहीत.