चालेल ना?

बदली वस्तूवर आपल्या धर्माचा पहिल्यापासून लोभ आहे. पूजेला गणपतीची मूर्ती नसेल तर सुपारी चालते. वस्त्र नसेल तर अक्षता, दागिना नसेल तर अक्षता, आणि भटजींना पुढची पूजा गाठायची असेल तर सगळ्यालाच अक्षता! खुद्द प्रभू रामचंद्रांनी अश्वमेधाला सीतेच्या जागी सोन्याची मूर्ती बसवली, तिथे तुमची-आमची काय कथा? तेव्हा लॅपटॉपचा अडॅप्टर गेल्यावर जो मराठी माणूस "दुसरा कुठला तरी लावून बघू, चालेल" म्हणतो, तो काही धर्माबाहेर बोलत नसतो. अडचण एवढीच की, देवाला भाव पुरतो. लॅपटॉपला व्होल्ट लागतात.

मी बी.कॉम. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण अडॅप्टरच्या पोटावर मुंगीएवढ्या अक्षरात जे छापलेलं असतं ते मी वाचतो, कारण बँकेत वीस वर्षं मुंगीएवढंच वाचत आलो. (कर्ज घेणाऱ्यानं ते वाचायचं नसतं, अशी आमच्याकडे पद्धत आहे.) तिथे आउटपुटसमोर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर. गुणाकार केला की ६५ वॉट येतात. एवढं कॉमर्सवाल्यालाही जमतं. यातला व्होल्टचा आकडा जुळायलाच हवा. अँपिअरचा जास्त असला तरी बिघडत नाही, कमी मात्र नको. लॅपटॉप आपल्याला हवी तेवढीच वीज ओढतो, अडॅप्टर ती त्याच्या घशात कोंबत नाही. कमी कुवतीचा लावला तर तो बिचारा ओव्हरटाइम करून तापतो. थोडक्यात, अँपिअर म्हणजे कुवत आणि व्होल्ट म्हणजे दाब. जास्त कुवतीचा बदली माणूस ब्रँचमध्ये आला तर कुणाला त्रास नसतो. जास्त दाबाचा आला, की पहिल्याच आठवड्यात दोघं मेडिकल रजेवर जातात.

लॅपटॉपही काही कमी वस्ताद नसतात. काही कंपन्यांचे लॅपटॉप अडॅप्टरच्या मधल्या बारीक पिनीतून त्याची ओळख विचारतात. पटली नाही तर त्याच्या विजेवर काम करतात, पण रेंगाळत. आणि बॅटरी चार्ज करायला साफ नकार! नवा साहेब आला की आमचा स्टाफ नेमकं हेच करतो, तेही पिनीशिवाय. टाइप-सीच्या नव्या अडॅप्टरांत तर आधी रीतसर बोलणी होतात. ५ व्होल्टांवर सुरुवात, मग तू किती देणार, मला किती पेलणार, आणि जमलं तरच पुढचा व्यवहार. युरोपीय संघानं लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून हीच टाइप-सी सक्तीची ठरवली. पण आमच्या शेजारच्या नानांचा लॅपटॉप जुन्या गोल पिनीचा.

नाना म्हणजे रिटायर्ड मास्तर. मुलगा कॅनडात. नानी सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या, आणि नातू त्यांनी पाहिलाय तो फक्त त्या लॅपटॉपच्या पडद्यावर, रोज रात्री साडेआठला. एके दिवशी आठ वाजता नाना दारात उभे.

"अहो, तुमचा अडॅप्टर द्या तासभर. आमचा गेला. पीन बसते, परवाच बघितलंय मी."

"नाना, माझा साडेएकोणीस व्होल्टचा आहे. तुमच्या लॅपटॉपवर एकोणीस लिहिलंय."

"अर्ध्या व्होल्टनं काय होतंय हो!"

बहुतेक वेळा काहीच होत नाही. प्रश्न त्या 'बहुतेक'चा आहे. आमच्याकडे कॅशियर रजेवर गेला की त्याच्या जागी बसणारा आधी सही करतो. संध्याकाळी कॅश कमी भरली तर भुर्दंड त्याच्याच खिशाला. म्हणजे 'चालेल' म्हणणारा आणि भरून देणारा माणूस एकच. इथे 'चालेल' मी म्हणणार, आणि काही झालंच तर जाणार नानांचा लॅपटॉप आणि नानींचा नातू. दुसऱ्याच्या वस्तूवर इतक्या उदारपणे 'चालेल' म्हणायचा मला काय अधिकार?

बरं, नाही म्हणावं, तर तेही फार सोपं. "नियमात बसत नाही" हे वाक्य उच्चारण्याचा मला दरमहा पगार मिळतो. ते म्हणून आपले हात स्वच्छ राहतात. समोरच्याचं काम मात्र तसंच राहतं. काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्याला हात स्वच्छ असण्याचा जो आनंद होतो, त्यावर माझा हल्ली फारसा विश्वास राहिलेला नाही.

मी नानांना आकडे समजावून सांगितले, काय होऊ शकतं तेही सांगितलं. ते म्हणाले, "चला." मी अडॅप्टर घेऊन गेलो आणि पाऊण तास त्याच्यावर हात ठेवून बसलो, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. नातवानं नवा दात दाखवला. नानींनी तो तीनदा बघायला मागितला. मी अडॅप्टर चाचपत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुण्याच्या तपकीर गल्लीत. दुकानदारानं ४८० रुपयांचा एक काळा ठोकळा पुढे केला. "घेऊन जा साहेब, चालतोय." आकडे बरोबर होते. फक्त भारतीय मानक ब्युरोचा 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक कुठे दिसेना. लॅपटॉपच्या अडॅप्टरला ही नोंदणी सक्तीची आहे. माझ्या भाषेत ती बनवणाऱ्याची सही. स्वस्त अडॅप्टरवाला काटकसर करतो ती जिथे आपला डोळा पोचत नाही तिथे. भिंतीतले २३० व्होल्ट आणि आपल्या मांडीवरचे १९ यांच्यामध्ये जे अंतर राखायचं, त्यातच.

"गॅरंटी?" मी विचारलं.

"चालू गॅरंटी."

चालू गॅरंटी म्हणजे दुकानाची पायरी उतरेपर्यंत. मी नानांकडे पाहिलं. पेन्शन त्यांची, लॅपटॉप त्यांचा. मी काय सल्ला देणार? नानांनी ठोकळा हातात घेऊन वजन केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "काय रे, हा तू तुझ्या घरच्या लॅपटॉपला लावतोस का?"

दुकानदार जरा वेळ गप्प राहिला. मग पोऱ्याला म्हणाला, "वरच्या फळीवरचा खोका काढ."

तो १,३५० ला पडला. नानांनी घासाघीस करून पन्नास कमी करून घेतले आणि त्यातला चहा मला पाजला.