शेजारधर्म

शहरांतील बिऱ्हाड मोडून मावळांतील एका गांवाच्या कडेला आम्हीं घर घेतलें, तें माघाच्या अखेरीस. नव्या वस्तींत गेल्यावर शेजारी कोण, याची चौकशी मनुष्य आधीं करतो. मीही केली. परंतु ज्यांची ओळख होण्यास खरोखर वेळ लागला, त्यांच्यापैकीं कोणाचेंच नांव तलाठ्याच्या दप्तरांत नव्हतें.

पळस आपण होऊन डोळ्यांत भरतो. धायटीचीं लाल नळीदार फुलें मात्र रोज समोर असूनही महिनाभर माझ्या ध्यानांत आलीं नाहींत. जीं आसवें-अरिष्टें आमच्या घरांत वर्षानुवर्षें येत होतीं, तीं आंबविण्यास हींच फुलें घालतात, हें मला या वयांत कळलें. भुईरिंगणी तर मीं प्रथम तळपायानेंच ओळखली! तिच्या पानांवरसुद्धां कांटे. पण कांटा काढावयास खालीं बसलों, म्हणूनच त्या जांभळ्या पाकळ्या आणि मधले पिवळेधमक केसर दिसले.

एकदां जळणाच्या ढिगाजवळ पुरुषभर लांबीची धामण निघाली आणि मीं काठी उचलली. शेजारच्या आजी ओरडल्या, "अवो, धामण हाय ती! उंदरं खाती. मारता कशापायी?" धामण बिनविषारी असते, हें मीं वाचलेलें होतें, तें ज्ञान हातापर्यंत पोहोंचलें नव्हतें, इतकेंच.

खरा पेंच घातला तो टिटवीनें. कुंपणाचा चर खणण्यास चार मजूर सांगितले होते. आदल्या संध्याकाळीं आंखणी करीत असतां दोन टिटव्या डोक्यावरून आक्रोश करीत घिरट्या घालूं लागल्या. पाहतों तों पायाशीं, उघड्यावर, खड्यांच्याच रंगाचीं चार अंडीं! घरटें म्हणावें असें कांहीं नाहींच. तीं उबण्यास जवळजवळ महिना लागतो. मीं तत्काळ ठरविलें, काम महिनाभर तहकूब. पंचतंत्रांतील टिटवीचीं अंडीं समुद्रानें नेलीं, तेव्हां गरुडानें विष्णूकडे दाद लावून तीं परत मिळवून दिलीं. त्या रात्रीं माझ्या मनानें मला विष्णूच्या आसनावर बसविण्यास फारसा विलंब लावला नाहीं.

सकाळीं मजूर आले. मुकादमानें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पक्ष्याचं खरं, साहेब, पण आमच्या चार दिवसांचं काय?"

भूतदयेची आपल्या घरांतून फार थोरवी सांगितली जाते. पण दयेचा मान कोणाचा? ती बोलून दाखविणाऱ्याचा, कीं तिची किंमत ज्याच्या पदरांतून जाते त्याचा? मला टिटवी शेजारीण वाटली, कारण तिच्याकरितां माझें कांहींच जाणार नव्हतें. हे चौघेही शेजारीच, आणि गांवांत नवखा असा एकटा मीच. तरी त्यांची मला आठवण झाली नाहीं. वरमून मीं चार दिवसांची मजुरी पुढें केली. मुकादम फुकटचे पैसे घेईना. तेंही मला प्रथम अपमानासारखें लागलें, हें कबूल केलें पाहिजे.

त्यांतल्याच एकानें तोड काढली: चर पलीकडच्या टोंकापासून धरावा आणि अंड्यांच्या बाजूचा वीसपंचवीस पावलांचा तुकडा सोडावा. इतकी साधी गोष्ट! टिटव्या दुपारच्या उन्हांत पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येत आणि अंडीं गार राखीत. तें खणतां खणतां त्यांनींच मला दाखविलें.

पिल्लें केव्हांच चालतीं झालीं. तो तुकडा बुजवावयाचा राहूनच गेला आहे. तेथून आजींच्या शेळ्या आंत येतात आणि माझे गुलाब खातात.