चालेल का अजून?

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाला बिल दिसतं, काम दिसत नाही. गाडीला रंग मारला किंवा नवी सीटकव्हरं घातली तर माणूस फिरून फिरून बघतो. पुढच्या चाकामागचा लोअर आर्म बदलला, टायरॉडची टोकं बदलली, तर तो गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि विचारतो, “झालं?” झालं. पण काय झालं ते त्याला कळत नाही, आणि जसं व्हायला हवं तसं झालं का, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. साताऱ्यात गॅरेज चालवताना माझा माझ्या मनाशी तंटा होतो तो सगळा या एवढ्या जागेतला आहे.

लहान गाड्यांचं पुढचं अंग आता जवळजवळ सगळीकडे सारखंच असतं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यानं १९४० च्या दशकात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवायची रचना केली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात ती आली मारुती ८०० बरोबर, डिसेंबर १९८३ पासून. वरून हा खांब, खालून आडवा लोअर आर्म. आर्मच्या आतल्या टोकाला रबरी बुश, बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. स्टिअरिंग फिरवलं की रॅक सरकते आणि टायरॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो. चाकानं वर-खालीही व्हायचं आणि वळायचंही, हे ज्याच्यावर चालतं तो बॉल जॉइंटमधला गोळा मोठ्या सुपारीएवढा. जुन्या अँबॅसिडर, पद्मिनी गॅरेजला आल्या की आधी ग्रीसगन फिरायची, आता जॉइंट सीलबंद येतात. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर जातं, माती-पाणी आत जातं आणि गोळा त्याच्या वाटीत सैल होतो. आम्ही म्हणतो, प्ले आला.

काम मी सांगलीत शिकलो आणि धंदा साताऱ्यात मांडला, त्यामुळे दोन्हीकडच्या गाड्यांची दुखणी हाताला ओळखीची आहेत. साताऱ्याची, एमएच ११ ची गाडी यवतेश्वर, पसरणीचे घाट चढून-उतरून येते. सतत वळणं, सतत ब्रेक. सांगलीची, एमएच १० ची गाडी काळ्या रानातल्या रस्त्यांवर वाढते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटा मारायला लागतो. त्यात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी कडा खचवलेल्या. पेठ नाका ते सांगली हा रस्ता कित्येक वर्षं असा होता की त्यानं आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांची पोरं शिकवली असतील. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं, जिथं धोक्याची पातळीच ४५ फुटांची आहे. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिनं उघडून घेतली, सीटा वाळवल्या, वायरिंग बदललं. बुटाआड बसलेल्या गाळाकडे कोण बघणार? तो गाळ पुढं कितीतरी दिवस जॉइंट खात राहिला.

आता मुद्द्याचं. आवाज करणारा पार्ट आणि जीव घेणारा पार्ट बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. स्टॅबिलायझरचा लिंक रॉड झिजला की खड्ड्यात असा खडखडाट होतो की घरची माणसं गाडीत बसायला नको म्हणतात, पण त्यानं फारसं काही बिघडत नाही, थोडे दिवस थांबता येतं. बॉल जॉइंट मात्र सैल होऊनही गप्प राहू शकतो. चाक उचलून वर-खाली धरून हलवावं लागतं, आर्म आणि चाक ज्यावर बसतं त्या नकलच्या मध्ये लोखंडी टॉमी घालून बघावं लागतं, तेव्हा तो हाताला सापडतो. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर टायरॉडचा प्ले लागतो. बेअरिंगचा संशय असेल तर हाताखालच्या पोराला आत बसवून ब्रेक दाबायला सांगायचा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. एवढं सगळं पाच मिनिटांत होतं. पण गिऱ्हाईक आलेलं असतं आवाजासाठी. लिंक रॉड बदलला की आवाज जातो, तो खूश होतो, चार लोकांत माझं नाव घेतो. जॉइंट बदलला तर त्याला काहीच फरक कळत नाही आणि बिल मात्र जास्त होतं. कौतुक एका कामाचं होतं आणि गरज दुसऱ्याची असते, तेव्हा माझा हात आधी कुठं जातो, हे मी स्वतःला विचारत असतो. आधी कौतुकाकडे जातो, असंच उत्तर पुष्कळदा येतं.

दुसरी अडचण जिभेची. “घाटात चाक निखळेल” हे वाक्य आमच्याकडे तयार असतं. समोरच्याच्या डोळ्यांपुढे बायको, पोरं, पसरणीचं वळण येतं आणि तो लगेच हो म्हणतो. हे वाक्य खोटं नाही. बॉल जॉइंटचा गोळा वाटीतून सुटला तर चाक आडवं होतं, गाडी त्या बाजूला जमिनीवर बसते आणि स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही. बाजारपेठेत झालं तर क्रेन बोलवावी लागते. घाटात झालं तर पुढचं सांगायला नको. पण हे वाक्य खरं असतं तेव्हासुद्धा माझ्या फायद्याचं असतं, आणि आपल्या फायद्याच्या खऱ्याइतकं तपासून घ्यावं असं दुसरं काही नाही. म्हणून मी एक कसोटी लावून बघतो. हे काम माझ्याकडे न होता शेजारच्या गॅरेजात होणार असतं, तर मी हेच, याच शब्दांत सांगितलं असतं का? कसोटी साधी आहे, पण तिच्यात मी दर वेळी पास होत नाही. दोन्ही शॉकअप जोडीनं बदलायला मी बेधडक सांगतो, कारण एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी एका अंगाला वेगळी वागते. टायरॉडचं एकच टोक खराब असताना “दोन्ही करून टाका” म्हणायची वेळ आली की घसा जरा अडखळतो. तो अडखळला पाहिजे.

पार्टाच्या दुकानातून मला सूट मिळते. अलाइनमेंटला गाडी पाठवली की तिथूनही थोडं मिळतं. हे सगळ्या धंद्यात आहे, मी घेतो आणि त्याबद्दल मला झोप न येण्याइतकं काही वाटत नाही. आणलेला माल खराब निघाला तर पुन्हा गाडी खोलायची मजुरी मीच सोसतो. पण सूट जास्त म्हणून एखादा डबा उचलायचा, हे दुसरं. पुण्याच्या नाना पेठेतून येणाऱ्या मालात सगळ्या तऱ्हा असतात. नामांकित खोका, आत भलताच माल, हेही असतं. जॉइंट हातात घेतला, फिरवून बघितला, बुटाचं रबर दाबून बघितलं की जाणत्याला बरंच कळतं. कित्येक छोट्या गाड्यांत बॉल जॉइंट आर्मसकट बदलायचा असतो, कंपनी तो सुटा देतच नाही. बाजारात मात्र सुटा जॉइंट मिळतो, तो प्रेसवर दाबून जुन्या आर्ममध्ये बसवतात. स्वस्तात काम होतं. तो किती घट्ट बसला आणि किती दिवस बसून राहील, याची खात्री मला देता येत नाही, म्हणून मी ते काम घेत नाही. यात मोठेपणा काही नाही. ज्याची हमी देता येत नाही ते विकायचं नाही, एवढंच.

सगळ्यात अवघड परीक्षा एका बोल्टची आहे. आर्मच्या आतल्या टोकाच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बुश फिरत नाही, रबरच पिळलं जातं. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबकळतात. त्याच अवस्थेत बोल्ट पक्का आवळला, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर पिळलेलंच राहतं आणि जेवढं टिकायला हवं त्याच्या कितीतरी आधी फाटतं. नीट पद्धत अशी की बोल्ट नुसता लावून ठेवायचा, गाडीचं वजन चाकांवर आणायचं किंवा आर्मखाली जॅक लावून आर्म गाडी जमिनीवर असतानाच्या उंचीला उचलायचा आणि मगच पक्का करायचा. पोराला हे शिकवताना मी ठासून शिकवतो. पण शनिवारची संध्याकाळ असते, दारात दोन गाड्या उभ्या असतात, लिफ्ट मोकळी हवी असते, आणि जॅकचं हे काम दहा मिनिटं खातं. ती दहा मिनिटं कुणाला दिसत नाहीत. बुश फाटला तरी गिऱ्हाईक म्हणणार, रस्ते खराब. रस्ते खराब आहेतच! आमच्या आळसाला इतकी भक्कम ढाल दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नसेल. टायरॉडच्या टोकाच्या कॅसल नटचंही तसंच. पिनेचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सैल करून नाही, आणि पिन नवीच घालायची. मी समोर उभा असलो की हे सगळं होतं. मी नसताना होतं का, हा प्रश्न पोराच्या इमानाचा नाही. त्यानं माझ्याकडे बघून काय उचललंय, त्याचा आहे.

इतकं लिहिलं, पण मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बिल वाढवायचा मोह मला ओळखता येतो. तो आला की कळतं. भीड आली की कळत नाही, कारण ती चांगुलपणाचा सदरा घालून येते. तासगावकडचे आबा आहेत, अवकाळीनं द्राक्षं गेलेली. शाळेत शिकवलेले सर आहेत, पेन्शनवर. मेहुण्याचा मित्र आहे. जॉइंटला प्ले आहे हे मी सांगतो. ते म्हणतात, “पुढच्या महिन्यात बघू. तोवर चालेल का?” आणि मी म्हणतो, “चालेल. जरा जपून चालवा.” जपून म्हणजे काय? जॉइंटला माणसाची परिस्थिती कळत नाही. आबांचं नुकसान झालंय म्हणून गोळा वाटीत महिनाभर जास्त थांबत नाही. माझं ‘चालेल’ हे गाडीचं मोजमाप नसतंच मुळी. समोरच्याचा पडलेला चेहरा बघवत नाही, म्हणून मी माझ्या सोयीनं दिलेलं ते उत्तर असतं.

रामशास्त्री प्रभुण्यांचं माहुली माझ्या गॅरेजपासून फार लांब नाही. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना तोंडावर प्रायश्चित्त सांगितलं, हे सातारकर मोठ्या अभिमानानं सांगतात, मीही सांगतो. पण मला कधीकधी वाटतं, समोर सत्ताधारी असला की माणूस छातीचा कोट करून उभा तरी राहतो. समोर ओळखीचा, अडचणीतला, आपल्याला “बाळा” म्हणणारा माणूस असला की ते बळ येत नाही. भीड भिकेची बहीण, अशी म्हण आहे. माझ्या धंद्यात ती भीक माझ्यावर येत नाही, ती तिसऱ्यावरच येते. चाक निखळलेली गाडी कुणासमोर जाईल हे तिनं विचारून ठरवलेलं नसतं. पुढे दुचाकीवर एखादं जोडपं असेल, ट्रॉलीमागून चालणारे ऊसतोड मजूर असतील. आबांची भीड धरताना त्या माणसांना मी गृहीत धरतो, आणि त्यांनी मला तसा अधिकार दिलेला नाही.

मग करावं काय? किल्ली काढून ठेवता येत नाही, गाडी त्यांची आहे. “बॉल जॉइंट खराब, बदलण्यास नकार” असं बिलावर लिहायचं, हे काहीजण करतात, मीही केलं. लिहून झाल्यावर मनाला विचारलं, हे त्यांना वाचवण्यासाठी की मला? कागद मलाच वाचवणारा होता. आता मी तो लिहितो, पण त्यावर थांबत नाही. लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश, आवाज करणारं जे जे आहे ते पुढे ढकला, असं स्वतःहून सांगतो. जॉइंट आणि टायरॉड आजच. पैसे ऊसबिल आलं की द्या, नाहीतर द्राक्षाच्या हंगामात द्या. यात उधारी वाढते आणि काही बुडतेही. तरी हिशेब केला तर भिडेपेक्षा उधारी स्वस्त पडते.

तुमची गाडी कुठंही असो, एवढं मागून घ्या. लिफ्टवर असताना खाली जा आणि चाक स्वतःच्या हातानं हलवून बघा. काढलेला जुना पार्ट बघायला मागा. बुशचे बोल्ट वजन चाकांवर आल्यावर आवळले का, ते विचारा. ज्यानं तसे आवळले असतील त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. टायरॉडला हात लागला असेल तर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी नेऊ नका. आणि मिस्त्री “चालेल अजून” म्हणाला, तर किती किलोमीटर चालेल ते त्याच्याकडून लिहून मागा.