न आठवणारी भेट

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्या कुटुंबांत डिसेंबरचा शेवटचा आठवडा काही वेगळ्याच अर्थाने सणाचा झाला आहे. नाताळ हा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा सण नव्हे. तो शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत आला. परंतु शाळांना सुट्टी असते, कचेरीतील उरलीसुरली नैमित्तिक रजा वर्षाबरोबर बुडण्याच्या बेतात असते, आणि देशावरील वडीलधारी माणसे याच दिवसांत येऊन जातात. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने दोन रात्री काढून आजी-आजोबा हावड्याला उतरतात. बरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा असतो, हाताने विणलेला स्वेटर असतो. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो अडीच-तीन वर्षांचा गृहस्थ आईच्या पदराआडून या अपरिचितांकडे संशयाने पाहत राहतो. शेजारच्या बंगाली मुलांचे ऐकून तो आजोबांना ‘दादू’ म्हणतो. चौथ्या दिवशी तो मांडीवर येतो, आठव्या दिवशी त्याला दुसरी मांडी चालत नाही, आणि पंधराव्या दिवशी यांची परतीची गाडी असते.

यातील काहीही त्याला पुढे आठवणार नाही. तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे प्रसंग मोठेपणी माणसाच्या स्मरणात बहुधा राहत नाहीत, हे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. 1876 साली उघडलेल्या अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात नाताळच्या दिवशी लोटणाऱ्या गर्दीत आजोबांनी दुखऱ्या खांद्यावर बसवून त्याला वाघ दाखविला, तरी तो वाघ आणि तो खांदा, दोन्ही त्याच्या लेखी नाहीसे होणार. मग घेणाऱ्याला ज्याची आठवणच राहणार नाही, त्या प्रेमाचे मोल काय?

‘मुद्दलापेक्षा व्याज गोड’ असे आपण कौतुकाने म्हणतो. म्हण गोड असली तरी ती सावकाराची आहे. जो व्याज मोजतो तो परतफेडीची वाट पाहतो, आणि आजी-आजोबाही थोडी वाट पाहतातच. त्याने आपल्याला ओळखावे, आपल्यामागे आपले नाव काढावे, अशी इच्छा त्यांच्या मनात नसते असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. गीतेच्या सतराव्या अध्यायातील वर्गवारी लावली, तर परतफेड करू न शकणाऱ्याला केवळ कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक, आणि फळावर डोळा ठेवून दिलेले राजस. त्या हिशेबाने आजीचा स्वेटर राजस ठरावा!

ज्या संतापासून नाताळचा सांताक्लॉज निघाला, त्या मायराच्या निकोलसची एक कथा येथे आठवते. चौथ्या शतकातील हा धर्मगुरू. एका दरिद्री बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री खिडकीतून गुपचूप सोने टाकले, आणि अखेर बापाने त्याला गाठले तेव्हा, मी जिवंत आहे तोवर हे कोणास सांगू नकोस, असे त्याच्याकडून वचन घेतले. देणाऱ्याने स्वतःचे नाव पुसले, कारण नाव कळले असते तर घेणाऱ्याची मान खाली गेली असती.

आजोबांना नाव पुसायचे नसते. ते त्यांच्याकरिता बालपणच पुसून टाकते. येताना मनात व्याजाची आशा असली, तरी जे घडते ते गुप्तदानच असते. ‘आठवण गेली तरी संस्कार राहतो’ असे कोणी समाधान करील. राहत असेलही, पण पंधरा दिवसांनी काय संस्कार होतो हे कोणी मोजले आहे? मला त्या आधाराची गरज वाटत नाही. खांद्यावर बसून ते पोर हसले, ते हसणे त्या क्षणी पुरते खरे होते. ते खरे ठरण्यासाठी वीस वर्षांनंतरच्या साक्षीची आवश्यकता नाही.

मात्र या दानात आपण, म्हणजे मधली पिढी, पुष्कळदा ढवळाढवळ करतो. ‘आजोबांना पापा दे, एवढ्या लांबून आलेत’ असा हुकूम आपण सोडतो, आणि ज्याला देणे-घेणे ठाऊक नाही अशा जिवाच्या माथी कर्ज लिहितो. आजोबा बिचारे त्याच्या कलाने घेत चार दिवस थांबायला तयार असतात. घाई असते ती आपल्याला.

याहून मोठा दोष व्यवहारी शहाणपणाचा. ‘अजून लहान आहे, काही कळत नाही, दोन वर्षांनी या, म्हणजे त्याच्या लक्षात राहील,’ असे आपण फोनवर सांगतो, आणि पडद्यावर रोज दर्शन घडते म्हणून निश्चिंत राहतो. या हिशेबात स्मरण फक्त एकाचे धरलेले असते. पंचाहत्तरीच्या माणसाची दोन वर्षे आणि आपली दोन वर्षे सारख्या लांबीची नसतात. नातू विसरेल, पण आजी विसरणार नाही; परतल्यावर ‘दादू’ ही हाक ती आळीभर सांगत फिरेल.

सध्याच्या नियमाप्रमाणे रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. नाताळचे तिकीट हवे असेल तर ऑक्टोबर सरण्यापूर्वी, आणि शक्यतो खालच्या बर्थचे, काढावे लागते.